शुभेच्छुक म्हणून तुझा फोटो पाठव

राजारामपुरी, कोल्हापूर

दोस्ता,

काय मर्दा, पुण्याला गेल्यापासून फोनबी नाही. म्हटलं सरळ पत्रच लिहावं, लांबणार आहे, चहा घेऊन बस.

तुला बोललो नव्हतो, लाज वाटत होती. क्रेडिट कार्डावर 60,000 थकलेत. आधी कॉम्प्युटर, मग प्रिंटर, मग आईचा दवाखाना, आणि दर महिन्याला मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली कमीत कमी भरायची रक्कम, तेवढी भरून मी आपला निवांत. एका रात्री कॅल्क्युलेटर घेतला. माझ्या कार्डाला मिनिमम 5 टक्के, म्हणजे 3,000. त्यातलं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यानं 2,100, व्याजावर 18 टक्के जीएसटी 378, म्हणजे मुद्दलात गेले किती तर 522 रुपये. आपल्या चौघांची मिसळ झाली बघ तेवढ्यात. वर आणि बाकी थकलेली असली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळतच नाहीत, कार्ड घासल्या घासल्या मीटर चालू, हे मला तेव्हा कळलं.

मग डोकं फिरलं आणि तेच बिल डिझायनर म्हणून बघितलं. मिनिमम ड्यू वरती, ठळक, रंगीत चौकटीत. व्याजाचा दर शेवटच्या पानावर, राखाडी, मुंगीएवढा. फक्त मिनिमम भरत राहिलं तर फेडायला महिने, वर्षं लागतील ही सूचना प्रत्येक बिलावर छापायचीच असं रिझर्व्ह बँकेनं 2022 मध्ये सांगितलंय, ती छापलीय की, पण तीबी मुंग्यांच्याच रांगेत. मी एक शब्द बदलला नाही बघ, नुसते फॉन्टचे साइज उलटे केले. मुंग्यांना 72 पॉइंट आणि मिनिमम ड्यूला 6. प्रिंट काढून टेबलावर ठेवली तर आई म्हणाली, ‘अगं बाई, एवढं व्याज?’ मूळ बिल आठ महिने फ्रिजवरच पडून होतं.

मामाची आठवण झाली रे. मामा बोर्ड रंगवायचा, आठवतं का, किराणा दुकानातलं ते ‘आज रोख उद्या उधार’, लाल ऑइल पेंट, वीतभर अक्षर, उ ची शेपटी पार खालपर्यंत ओढलेली. दिसलं नाही म्हणायची सोय नाही गिऱ्हाइकाला. उधारीवरचं डिझाइन म्हणजे मला तरी तेच वाटतं, बाकी आम्ही कॉलेजात ग्रिड आणि व्हाइट स्पेस शिकलो ते ठीक आहे.

मग एक कार्डबी केलं. मापात, 85.6 बाय 53.98 मिलिमीटर, सगळ्या जगात बँक कार्डाचं हेच माप असतंय. पुढं प्लॅटिनम बिटिनम सगळं चकचकीत, मागं सातबारासारखा तक्ता, ‘इतर अधिकार’च्या रकान्यात ‘बोजा’ आणि रक्कम. शेतकऱ्याच्या कर्जाचा बोजा कसा गावाला दिसतोय, आपला खिशात लपतोय. हे जरा जास्तच शहाणपणाचं झालंय असं मला वाटतंय, तू बघून सांग.

पण खरा नाद फ्लेक्सचा. आपल्याकडं चौकाचौकात वाढदिवसाचे लागतात ना, तस्साच, भगवी बॅकग्राउंड, मागनं किरणं, मध्ये कार्डाचा मोठा फोटो आणि वर ‘आमचे लाडके कर्ज यांना तिसऱ्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’. खाली शुभेच्छुकांची गोल गोल तोंडं, व्याज, लेट फी, जीएसटी, प्रोसेसिंग फी. फ्लेक्सवाला फाइल उघडून आधी गपच बसला, मग म्हणाला, ‘भावा, माझाबी हप्ता आहे, एक जादा काढू का?’

व्याजाला माझा फोटो लावलाय, जीएसटीला आमच्या घरमालकाचा मुलगा तयार झालाय. लेट फीची जागा मोकळी आहे. तुझा तो रंकाळ्यावरचा, गॉगल लावून बुलेटवर रेललेला फोटो ओरिजिनल साइजमध्ये पाठव, व्हॉट्सॲपवर नको, फाटतोय.

तुझाच,
पेंटरचा भाचा