भाजीच्या वाफ्यात फुले कशाला?

एडिसन, न्यू जर्सी
१८ ऑगस्ट

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

व्हिडिओ कॉलवर माझे वाफे पाहून आईने विचारले की, मुळात जागा एवढीशी, त्यात भाजी सोडून फुले कशाला लावलीस. बोलण्याच्या गडबडीत नीट सांगता आले नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

बाबा, आपल्या नारायणगावाकडे टोमॅटोच्या ओळींमध्ये झेंडू लावतात, तो फळ पोखरणाऱ्या अळीच्या पतंगाने टोमॅटोऐवजी झेंडूवर अंडी घालावीत म्हणून. दोन्ही पिके एकाच सुमारास फुलावर यावीत यासाठी झेंडूची रोपे जास्त वयाची घेतात, हेही तुम्हीच शिकवले. चार फुटी वाफ्यात ओळींचा तो हिशेब बसत नाही. इथली फुले आहेत ती उपयोगी कीटकांची पोटे भरावीत म्हणून.

टोमॅटोचेच घ्या. त्याच्या फुलात मध नसतो आणि पराग पुंकेसरांच्या नळीत कोंडलेले असतात. वाऱ्याने थोडेफार काम होते, पण केसाळ, गुबगुबीत बंबलबी फुलाला लटकून अंग थरथरवते तेव्हा मिठदाणी झटकावी तसे पराग भराभर झडतात, आणि हे साध्या मधमाशीला जमत नाही. मात्र बंबलबीला स्वतःसाठी मध लागतोच. तो जवळपास मिळाला तर ती टोमॅटोवरही फिरते. त्यासाठी शेजारी बोरेज लावले आहे. त्याची निळी फुले उन्हाळाभर येत राहतात.

जूनमध्ये ऊन तापले की कोथिंबीर आणि शेपू फुलोऱ्यावर येतात. पूर्वी मी ते उपटून टाकत असे, आता राखते, कारण त्यांच्या बारीक, उथळ फुलांतला मध आखूड तोंडाच्या कीटकांनाही पिता येतो. इथे टोमॅटोचे झाड पाहता पाहता ओरबाडणारी, बोटाएवढी जाड हिरवी अळी असते. परवा एकीच्या पाठीवर तांदळाच्या दाण्यांएवढे पांढरे कोष उभे दिसले. ते एका चिमुकल्या परजीवी गांधीलमाशीचे: तिची पिल्ले अळीच्या अंगात वाढतात आणि बाहेर पडून तिच्याच पाठीवर कोष विणतात. अशी अळी मारायची नाही. तिचे खाणे जवळपास थांबलेलेच असते, आणि कोषांतून निघणाऱ्या माश्या पुढच्या अळ्या शोधतात. त्या पूर्ण वाढलेल्या माश्यांचे अन्न म्हणजे शेपूच्या फुलांतला मध.

भोपळ्याचे मात्र या फुलांवाचून अडत नाही. त्याची खास देशी माशी इथे आहे, ती पहाटेच कामाला लागते. दुपारी मिटलेले फूल हलकेच उघडले की आत एखादा नर झोपलेला सापडतो! ही माशी जमिनीत घर करते, म्हणून वेलाखाली मी खोल खणत नाही. दुधीची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात. तिथे नरफुलाच्या पाकळ्या काढून ते मादीफुलाला हाताने लावणे हाच माझा भरवशाचा उपाय.

झेंडूविषयी इथले शेजारी सांगतात की, कोपऱ्यात दोन रोपे लावली की मुळांवरच्या सूत्रकृमी जातात. तसे होत नाही. त्यासाठी सबंध वाफ्यात दोनएक महिने झेंडू दाट लावावा लागतो. माझी चार रोपे आहेत ती दसऱ्याच्या तोरणापुरती, हे आईला कबूल.

आईने परसात शेपू पेरला तर एक ओळ न काढता फुलू द्यावी. आणखी फुलझाडे आणायची झाल्यास एकेरी पाकळ्यांची आणावीत, कारण गच्च दुहेरी फुलांत कीटकांच्या हाती पराग-मध फारसा लागत नाही. फवारणी करावीच लागली तर दिवेलागणीला, माश्या परतल्यावर करावी.

कळावे.
आपली,
धाकटी