तुझ्या शर्टाच्या वासाबद्दल

कोपरखैरणे, नवी मुंबई
आषाढातला बुधवार, पहाटेचे पावणेतीन

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

तू भिंतीकडे तोंड करून झोपला आहेस आणि मी ओट्यावर वही ठेवून उभ्याउभ्या हे लिहितोय. साडेतीनला आमच्या हमालांच्या टोळीतली माणसं नाक्यावर जमतात. दुपारी मी परततो तेव्हा तू कॉलेजात, तू येतोस तेव्हा मी घोरत पडलेला. रविवारी दोघं घरात असतो, पण तेव्हा आजी असते, टीव्ही असतो, आणि हा विषय आजीसमोर काढला तर ती पहिल्यांदा तुझी दृष्ट काढेल. म्हणून पत्र. सकाळी डब्याखाली सापडेल.

आईनं मला दोन गोष्टी सांगितल्या. वर्गात पोरं तुला ‘कांदा’ म्हणतात ही एक. आणि उत्तर येत असलं तरी तू हात वर करत नाहीस, काखेतला ओला डाग दिसेल म्हणून, ही दुसरी. तिसरी गोष्ट मी स्वतः पाहिली. स्प्रेची मोठी बाटली आठ दिवसांत संपली. बाटलीचे पैसे मागत नाही. पण आठ दिवसांत बाटली संपते याचा अर्थ तू अंगाला वास लावत नाहीयेस, भीती झाकतोयस.

मग मी काय केलं ते सांगतो, चिडू नकोस. सोमवारी तू आंघोळीला गेलास तेव्हा दोरीवरचा तुझा धुतलेला शर्ट काढून नाकाला लावला. वीस वर्षं कांद्याच्या गोण्या वाहिलेल्या माणसाचं नाक आहे हे. आत कुठे एक गोणी ओली लागली असेल तर मी गाळ्याच्या दारातून सांगतो. तर तुझ्या शर्टात तीन वास निघाले, आणि त्यातला पहिला माझा होता.

तुझे आजोबा मस्जिद बंदरच्या बाजारात हमाली करायचे. १९८१ साली कांदा-बटाटा बाजार तिथून उचलून इकडे आणला, तेव्हा बाजारामागे आपणही इकडे आलो. तेव्हापासून आपल्या घरात कांद्याचा वास आहे. आम्हाला तो येतच नाही. फोडणी करणाऱ्याला फोडणीचा वास येत नाही तसं. लसणाच्या गाळ्यावर काम असलं की तर विचारूच नकोस. ती टरफलं उडून कॉलरीत, कानात, खिशात जाऊन बसतात. तो सदरा मी घरी येऊन ज्या खुंटीला टांगतो, तिच्या वरच्याच दोरीवर तुझे कपडे वाळतात. खोली एक, पंखा एक, पावसाळ्यात खिडकी बंद. वास कोणाचा कोणाला लागला हे शोधायला सीआयडी नको. ही चूक तुझी नाही, माझी आहे. सोमवारपासून माझे कामाचे कपडे मोरीबाहेरच्या दोरीला जातात, हे तुझ्या लक्षात आलं नसेल. नसेलच.

दुसरा वास कुबट. कपडे धुतले की स्वच्छ झाले असं आपण समजतो, पण धुण्यात सगळे जंतू मरत नाहीत. कापड दीड-दोन दिवस ओलं राहिलं की उरलेले पुन्हा वाढतात, आणि अंगाच्या उबेनं तासाभरात वास मारायला लागतात. घरातून निघताना शर्ट ठीक असतो आणि वाशी येईपर्यंत बिघडतो, तो यामुळे. कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी, तीनच तर स्टेशनं, पण त्या गर्दीत वर दांडीला धरलेला हात म्हणजे शेजारच्याच्या नाकाला दिलेलं आमंत्रण. तुझा तो काळा टी-शर्ट पॉलिस्टरचा आहे. पॉलिस्टर घामाचा वास सुतीपेक्षा जास्त धरून ठेवतं. पावसाळ्यात सुती घाल, कपडे दोरीवर दाटीवाटीनं घालू नकोस, आणि अर्धवट ओलं असेल तर सरळ गरम इस्त्री मार. इस्त्री कडक दिसण्यासाठी असते असं मलाही वाटायचं.

तिसरा वास मात्र तुझा आहे. आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं म्हणून मी तुला सांगतो. काखेत आणि जांघेत घामाच्या वेगळ्या ग्रंथी असतात. त्या लहानपणी झोपलेल्या असतात, वयात येताना जाग्या होतात. दोन वर्षांपूर्वी दिवसभर मैदानात लोळून आलास तरी तुला वास यायचा नाही, आता येतो, म्हणजे तू घाणेरडा झाला नाहीस, मोठा झालास. गंमत अशी की त्या घामाला स्वतःला वास नसतोच म्हणण्याइतका. कातडीवरचे जंतू तो घाम खातात आणि त्यातून वास निघतो. म्हणून न धुतलेल्या काखेत स्प्रे मारला की जंतू जागेवरच राहतात, वर फक्त अत्तर चढतं, आणि दोन्ही मिळून जे होतं ते एकट्या घामापेक्षा वाईट असतं. साबण काखेत हातानं घासून लाव. वरून पाणी ओतून साबणाला नुसतं दर्शन देऊ नकोस. मग कोरडं कर. घाम कमी करणारं वेगळं औषध मिळतं, अँटिपर्स्पिरंट म्हणतात, त्यात ॲल्युमिनियमचा क्षार असतो. ते रात्री झोपताना कोरड्या काखेत लावायचं. सकाळी घाईत ओल्या अंगावर लावून ते नीट काम करत नाही. न्हावी दाढी झाल्यावर तुरटी फिरवतो ना, ती त्याच गोतातली. आरशाच्या फळीवर एक खडा ठेवलाय, बघ वापरून.

हे सगळं मला कसं माहीत, तर एका लग्नामुळे.

तू चौथीत होतास. तुझ्या आईच्या चुलतभावाचं लग्न, कऱ्हाडला. त्याआधी दोन पावसाळे मला जांघेत नायटा झाला होता. दिवसभर घामानं भिजलेली चड्डी, वरून गोणपाटाचं घासणं, आणि घरात चौघांत मिळून एक टॉवेल. कोणाला सांगायची लाज. मेडिकलवाल्याकडून एक ट्यूब आणली. लावली की दोन दिवसांत खाज बंद, सोडली की आठ दिवसांत दुप्पट. अशा सात-आठ ट्यूबा झाल्या. तर लग्नात पंगत जमिनीवर, आणि मला मांडी घालून बसवेना. मी आपला मांडवाच्या खांबाला टेकून उभा. कोणी बोलायला आलं की एक शब्द बोलून बाजूला व्हायचो, कारण सगळं ध्यान खाजेकडे. सासरच्या मांडवात जावई पंगतीला बसेना म्हटल्यावर लोकांनी एकच अर्थ काढला. जावई रुसला. कुजबुज सुरू झाली, तुझ्या आईचे वडील हात जोडून आले, आणि शेवटी माझी समजूत काढायला दुसऱ्यांदा टॉवेल-टोपी केली. मी काय बोलणार? टोपी घातली आणि उभ्यानंच जेवलो. आजही त्या गावात मी गर्विष्ठ म्हणूनच ओळखला जातो.

परत आल्यावर पालिकेच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई माझ्याहून वयानं लहान. त्यांनी ट्यूब बघितली आणि कपाळाला हात लावला. त्यात बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइड होतं. स्टेरॉइड खाज दाबतं, पण बुरशीला आतून पसरायला मोकळं रान देतं. त्यांनी साधं बुरशीचं औषध दिलं, नायटा दिसेनासा झाला तरी सांगितले तितके दिवस लावायला सांगितलं, घरातल्या सगळ्यांना तपासलं आणि म्हणाल्या, प्रत्येकाला स्वतःचा टॉवेल. त्या लग्नातला टॉवेल हा माझ्या आयुष्यातला पहिला फक्त माझा टॉवेल. तो निळ्या काठाचा, ज्याला मी कोणाला हात लावू देत नाही, तो तोच. तुम्ही त्यावरून मला हसता, हसा.

बरा झालो आणि मग एक गोष्ट कळली. त्या दोन वर्षांत मी टोळीतही बोलायचा बंद झालो होतो. मुकादम हिशेबात लबाडी करतोय हे दिसायचं, पण उभं राहून बोलायचं म्हणजे सगळ्यांचे डोळे आपल्यावर, आणि आपला हात कुठे जाईल याचा भरवसा नाही. मी समजायचो, आपला स्वभावच भित्रा. स्वभाव कसला, नायटा होता तो. अंगाची राखण करण्यात अर्धं डोकं अडकलेलं असलं की उरलेल्या अर्ध्यात हिंमत मावत नाही. तुझंही तेच चाललंय. सर प्रश्न विचारतात तेव्हा तू प्रश्न ऐकत नसतोस, हात वर केला तर काय दिसेल याचा हिशेब करत असतोस. आंघोळ करून कोणी हुशार होत नाही रे. फक्त तो हिशेब बंद होतो, आणि जे डोकं आपलंच होतं ते आपल्याला परत मिळतं.

म्हणून कोणी नाक दाबू नये यासाठी आंघोळ करू नकोस. नाक दाबणारे दाबतील. उद्या तू चंदनाच्या खोडासारखा गेलास तरी ज्याला ‘कांदा’ म्हणायचंय तो म्हणणारच, कारण त्याला तुझा बाप कुठे काम करतो हे माहीत आहे. त्याला काय उत्तर द्यायचं ते तुझं तू ठरव. मी असतो तर भाव विचारला असता, घाऊक पाहिजे का किरकोळ.

आता बाकीचं भराभर, बस चुकेल. दात रात्री घासणं सकाळपेक्षा जास्त गरजेचं, झोपेत लाळ कमी होते आणि किडीला मोकळीक मिळते. पेस्ट फ्लोराइडची, दोन मिनिटं, नंतर थुंकायचं पण खळखळून चुळा भरत बसायचं नाही. आजीच्या मिश्रीच्या डबीला हात लावलास तर माझ्याशी गाठ आहे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. दात स्वच्छ होतात म्हणून मीही दहा वर्षं लावली आणि हसताना तोंडावर हात धरायची सवय लागली ती अजून जात नाही. लसणाची चटणी खाऊन आलेला वास घासून जात नाही, तो रक्तात उतरून श्वासातून येतो, तेव्हा तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री चटणी नको, एवढंच. नखं रविवारी काप. शनिवारी कापू नयेत आणि दिवे लागल्यावर कापू नयेत यावर आजीशी वाद घालत बसू नकोस, रविवार सकाळ मोकळी आहे. बूट रोज तेच घालतोस, त्यांना एक दिवस सुकायला दे, आणि पायाच्या बोटांमधली जागा पुसत जा. तोंडावरच्या मुरुमांना घाण समजून दिवसातून दहा वेळा तोंड धुतोस ते बंद कर. मुरूम घाणीनं येत नाहीत, तेही वयाचंच आहे. दोनदा धुतलं की बास, आणि फोडायचे नाहीत. एवढं करूनही घाम असा आला की वही भिजते, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. मला सांग, आपण दोघं जाऊ. मी बाहेर बसेन.

आमच्या पाटण तालुक्यात कोयनेचं एवढं धरण, पण वरच्या वाडीत उन्हाळ्यात तीन मैलांवरून घागर यायची. धरण उशाला, कोरड घशाला. एक तांब्या अंगाला मिळाला तर मिळाला. इथं मोरबे धरणाचं पाणी नळाला येतं, त्या हिशेबानं तू श्रीमंताचा पोरगा आहेस. कपड्यांचं म्हणशील तर गाडगेबाबांच्या अंगावर चिंध्या असायच्या, पण गावात शिरले की आधी खराटा हातात घ्यायचे. तुला नवीन शर्ट दिवाळीला मिळेल. आहेत ते दोन पुरेत, फक्त आलटूनपालटून नीट वाळव.

पांढरा शर्ट रात्री मी इस्त्री केलाय, दारामागे आहे. डाव्या बाहीला जरा सुरकुती राहिली, बघून घे. हिरव्या काठाचा टॉवेल नवीन आहे, तो तुझा. तुझं नाव आईला दोऱ्यानं घालायला सांगितलंय. पाणी सहाला येतं, पण दाब पहिली पंधरा मिनिटंच चांगला असतो, तेव्हा मोबाइलमध्ये लोळत पडू नकोस. बादली भरून ठेवली आहे तरी.

हे पत्र आईला दाखवू नकोस. ती शुद्धलेखनाच्या चुका काढेल.

तुझे
पप्पा