गावाने सोडवलेली हरणांच्या रानातली वाट

महोदय,

लेकीकडे इंग्लंडला गेलो होतो, तेव्हा केंट परगण्यातल्या सेव्हनओक्स गावाला खेटून असलेले नोल पार्क पाहिले. कँटरबरीचे आर्चबिशप, म्हणजे तिथले प्रमुख ख्रिस्ती धर्मगुरू, टॉमस बुर्शिए यांनी १४५६ मध्ये नोलचा वाडा घेतला आणि भोवतीचे रान हरणांसाठी बंदिस्त केले. पुढे १५३८ मध्ये इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने ते आर्चबिशप क्रॅनमर यांच्याकडून काढून घेतले.

मला मात्र मनापासून भावली ती गावकऱ्यांची गोष्ट. १८८३ साली मालक लॉर्ड सॅकव्हिल यांनी रानातली वहिवाटीची वाट खांब रोवून अडवली. दुसऱ्याच वर्षी हजाराहून जास्त माणसे चालून गेली, खांब उखडले आणि थेट वाड्याच्या दारात नेऊन टाकले. अखेर वाट मोकळी झाली. त्याच रानातून मी रोज सकाळी फिरत होतो!

१९८७ च्या ऑक्टोबरमधल्या वादळाने इथली बहुतेक झाडे एका रात्रीत आडवी केली. नंतर नव्याने लागवड झाली. झाडांच्या खालच्या फांद्या दोरी लावून कापल्यासारख्या एका रेषेत दिसतात. हरणांची तोंडे पोचतात तिथवरचा पाला ती खाऊन टाकतात.

– एक वाचक, पुणे