मायनरच्या यादीत शांतता अभ्यास का नको?

महोदय,

नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीला मेजर म्हणजे मुख्य विषयाच्या जोडीला मायनर म्हणजे दुय्यम विषय आला. बरीच मुले तो वेळापत्रकात बसेल तसा उचलतात. या यादीत शांतता व संघर्ष निवारण का नसावे? अमेरिकेत इंडियानातील मँचेस्टर कॉलेजने तो 1948 मध्येच पदवीला सुरू केला. आपल्याकडे तर अभ्यासाची सामग्री दारातच आहे. 2007 मध्ये राज्याने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम काढली. गावातले तंटे गावातच मिटवायचे, ही कल्पना. बांधाचा वाद घ्या. दोन्ही भावांचे वेगवेगळे ऐकायचे, मोजणीचा नकाशा समोर पसरायचा, मगच तडजोडीवर सह्या. पण बहिणीला ‘हक्कसोड कर नि मिटवून टाक’ म्हणून दटावले, तर ती तडजोड कसली? वर्गात खल व्हायला हवा तो इथे. 2023 च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीची तरतूद आहे, तीही शिकवता येईल. समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि विधीच्या प्राध्यापकांनी मिळून हा विषय घ्यावा. (गांधी जयंतीची भाषणे नकोत, ती आहेतच.) आणि परीक्षेला निबंधाऐवजी एखाद्या खऱ्या वादाचा अहवाल मागावा.

– एक पालक, सांगली