पखवाज वाजवणाऱ्याने येशूची गाणी ऐकू नयेत का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या एका भजनी मंडळात पखवाज वाजवतो. गळ्यात माळ आहे, घरात एकादशी आहे, शेतीची कामं आवरली तर आषाढीला दिंडीबरोबर पंढरपूरही होतं. आणि गेली काही वर्षं मी सुफ्यान स्टीव्हन्स या अमेरिकन गायकाची गाणी मनापासून ऐकतो. हा गायक ख्रिस्ती आहे, आणि नावापुरता नव्हे, मानणारा. त्याच्या कितीतरी गाण्यांत येशू येतो, बायबलातल्या गोष्टी येतात, प्रार्थना येते. परवा पारायणाच्या मांडवात आमच्या एका ज्येष्ठ टाळकऱ्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘काय ऐकायलायस हे? माळकरी माणूस तू. लोक काय म्हणतील?’ मांडवात उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून आपल्याकडे लिहितो आहे. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, आणि हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही हेही मला ठाऊक आहे.

आमच्यातली शिकलेली पोरं मात्र माझी बाजू घेतात. ती म्हणतात, ‘काका, शब्दांकडे लक्ष देऊ नका. म्युझिक भारी आहे, तेवढं घ्यायचं.’ त्यांचा हेतू चांगला आहे, पण त्यांचं म्हणणं मला टाळकरीबुवांच्या म्हणण्यापेक्षाही कमी पटतं. अभंगातला विठ्ठल काढून नुसती चाल ऐका, असं कोणी सांगितलं तर आपण ऐकू का?

आधी गायकाबद्दल थोडं सांगतो, कारण पुष्कळ वाचकांनी हे नाव ऐकलं नसेल. जन्म १९७५, डेट्रॉइट. नावावरून तो मुसलमान असावा असं वाटतं. त्याचे आईवडील तेव्हा सुबुद नावाच्या, इंडोनेशियात सुरू झालेल्या एका आध्यात्मिक पंथात होते आणि त्या पंथाच्या संस्थापकांनीच हे नाव ठेवलं. ख्रिस्ती श्रद्धा त्याने नंतर स्वतः धरली. मोठ्या कंपनीच्या दारात न जाता त्याने सावत्र वडिलांच्या साथीने एक लहानसं लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी काढली, आणि त्याचे अल्बम तिथूनच येतात. पोरं ज्याला ‘इंडी’ म्हणतात ते हेच. बँजो, गिटार, पियानो असं बरंच काही तो स्वतः वाजवतो. आपल्या वरातीत ‘बँजो पार्टी’ असते तो हा बँजो नव्हे. हा तारांचा, बोटांनी छेडायचा, आणि त्याचं तोंड आपल्या पखवाजासारखं मढवलेलं असतं. माझं कान देणं सुरू झालं ते या आवाजामुळे. पुण्याला नोकरी करणारी मुलगी सुट्टीला आली होती. मी भजनाला निघण्याआधी पखवाजाच्या धूमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, कणीक लावत बसलो होतो आणि तिने फोन पुढे केला, ‘पप्पा, हे ऐका की.’ मढवलेल्या तोंडावरून तारेचा सूर निघतो तेव्हा त्यात एक कोरडा, लाकडी टणत्कार असतो, लगेच विरणारा. हात कणकेत तसाच राहिला.

ते गाणं २००५ सालच्या ‘इलिनॉय’ या अल्बममधलं होतं. त्याच्याबद्दल जरा सविस्तर लिहू द्या, कारण माझं सगळं म्हणणं त्यात आहे. कॅसिमिर पुलास्की हा पोलंडहून येऊन अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढला आणि १७७९ मध्ये कामी आला. इलिनॉय राज्यात मार्चच्या पहिल्या सोमवारी त्याच्या नावाची सुट्टी असते. गाण्याला नाव त्या सुट्टीचं आहे, पण गाण्यात तो सरदार कुठेच नाही. त्यात एक कोवळ्या वयाची मुलगी आहे, तिला हाडाचा कॅन्सर झाला आहे, आणि तिच्यावर जीव असलेला एक मुलगा ते सगळं सांगतो आहे. मंगळवारी रात्री बायबल वाचायला जमलेले लोक हात उचलून तिच्यासाठी प्रार्थना करतात. काही होत नाही. एका सकाळी ती जाते. नर्स मान खाली घालून आत येते, एक पक्षी खिडकीच्या काचेवर येऊन आपटतो. देवाचा महिमा गाणारे शब्द मध्ये मध्ये येत राहतात, आणि शेवटी तोच देव माणसाकडून घेत जातो, घेतच जातो, एवढं म्हणून तो मुलगा थांबतो. पुढे शब्द नाहीत, नुसता ट्रम्पेट.

आवाज कुठेही चढत नाही. शेजारच्या खोलीत कोणी झोपलं असावं इतक्या हलक्या आवाजात तो सांगतो.

आता यातला देव काढून बघा. उरते एका आजारी मुलीची करुण कहाणी, अशी सिनेमात पुष्कळ असतात. हा मुलगा देव मानतो म्हणून त्याला दुहेरी दुखतं, ती गेल्याचं आणि देवाने ऐकलं नाही याचंही. देव नाहीच असं ज्याचं मत आहे त्याने तक्रार कोणाकडे करायची? गाण्याचा जीव गायकाच्या विश्वासात आहे. तो विश्वास मी बाजूला सारला तर मी ते गाणं ऐकलंच नाही असं होईल.

पण म्हणून मी तो विश्वास माझाही करायला हवा का? नाही. मी स्पष्ट लिहितो. वधस्तंभावर गेलेला माणूस तिसऱ्या दिवशी उठला, हे मी मानत नाही. माणूस जन्मतः पापी आणि त्याच्या पापाची भरपाई दुसऱ्याच्या रक्ताने झाली, ही कल्पना माझ्या मनाला कधी लागली नाही. त्याची काही गाणी या जागी पोचतात तेव्हा मी दाराबाहेर उभा असतो आणि मला त्यात कमीपणा वाटत नाही. आमच्या कीर्तनांत सगळे देव एकच असं पटकन म्हणून टाळी घेतली जाते. मला ते घाईचं वाटतं. येशूला विठ्ठलाचं रूप म्हटलं की ऐकण्याची गरजच संपते, कारण जे आपल्याला आधीच ठाऊक आहे तेच परत ऐकायचं उरतं. तो वेगळा आहे म्हणून तर कान लावून ऐकायचा.

एक उदाहरण देतो. त्याच्या २००४ च्या अल्बममध्ये अब्राहामावर एक छोटं गाणं आहे. मला संदर्भ लागेना, म्हणून बेळगाव कॅम्पातल्या मित्राकडून मराठी बायबल आणलं आणि उत्पत्तीचा २२ वा अध्याय वाचला. देव अब्राहामाला एकुलत्या एका मुलाचा बळी मागतो. तो लाकडं रचतो, पोराला बांधतो, सुरा उचलतो, आणि ऐन वेळी वरून हाक येऊन हात थांबवला जातो. वाचताना मला आमच्या आजीची ओवी आठवली, चिलया बाळाची. श्रियाळ राजाच्या दारात शंकर अतिथी होऊन येतो आणि पोराचंच मांस मागतो. तिथे मात्र हात थांबत नाही. चांगुणा स्वतः बाळाचं डोकं उखळात घालून कांडते, ओवी म्हणत कांडते, आणि मग देव मूल परत देतो. दोन्हीकडे देव मूल मागतो, पण एकीकडे बाप गप्प आहे आणि दुसरीकडे आई गाते आहे. या फरकावर मी कितीतरी दिवस विचार करत होतो, अजून संपलेला नाही. चांगुणेच्या गोष्टीकडे मी एरवी कधी इतकं निरखून बघितलं असतं असं वाटत नाही.

तेच जनाबाईंच्या बाबतीत झालं. जनाबाई विठ्ठलाला शिव्या घालतात तो अभंग आमच्या मंडळात आम्ही चढ्या लयीत, हसतखेळत म्हणतो. लोकांनाही मजा येते. त्या मुलीचं गाणं ऐकल्यावर मला त्या शिव्यांमागची बाई दिसायला लागली. अनाथ, दुसऱ्याच्या घरी राबणारी, आणि बोलायला एक देवच असलेली. तुकोबांनी तर माझ्या लेखी देव मेला, इथवर म्हणून ठेवलं आहे. गेल्या कार्तिकीला जनाबाईंचा तो अभंग सुरू झाला तेव्हा मी ठेका खाली आणला. विणेकरी माझ्याकडे बघत राहिले, मग त्यांनीही आवाज उतरवला. त्या रात्री कोणी हसलं नाही. टाळकरीबुवांना काळजी आहे की असली गाणी ऐकून मी बाटेन. माझ्या बाबतीत घडलं ते हे.

सगळंच मला आवडतं असं नाही. २०१० चा त्याचा अल्बम यंत्रांच्या गोंगाटाचा आहे, तो मला झेपत नाही. ख्रिसमसची गाणी त्याने २००६ आणि २०१२ अशा दोन संचांत मिळून शंभर काढली आहेत, त्यातली निम्मी मी सोडून देतो. पण २०१५ चा आईवरचा अल्बम प्रत्येकाने एकदा ऐकावा. आई तो वर्षाचा असतानाच सोडून गेलेली, मानसिक आजार आणि दारूने पोखरलेली, आणि २०१२ मध्ये वारली. गिटार आणि आवाज, बाकी जवळजवळ काही नाही. रागवावं की क्षमा करावी हे त्या मुलाला ठरवता येत नाही आणि तो ठरवल्याचं सोंगही करत नाही.

टाळकरीबुवांच्या प्रश्नामागे भीती आहे आणि ती हवेतून आलेली नाही. २०२१ च्या डिसेंबरात इथल्याच सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधानसभेने धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर केलं. त्याच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ बोललं गेलं आहे, मी त्या वादात शिरत नाही. पण तेव्हापासून येशूचं नाव निघालं की समोरचा माणूस आधी आपल्या तोंडाकडे निरखून बघतो, हे मी अनुभवलं आहे. एखाद्याच्या देवाचं गाणं कानावर घेणं म्हणजे कुठल्यातरी कागदावर सही करणं, असं आपण मानायला लागलो तर सीमाभागात गाणं ऐकणंच अवघड होईल. भीमसेनअण्णांची कानडी दासवाणी आपण मराठी घरांतून ऐकत आलो. इथून जवळच्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं सगुणाचे उपासकही डोळे मिटून ऐकतात.

आणि येशूचं गाणं मराठीला परकं आहे असं तर मुळीच नाही. चोर्ला घाट उतरला की गोवा. तिथे राचोलला १६१६ मध्ये फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं, दहा हजारांहून अधिक मराठी ओव्यांचं. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या ना. वा. टिळकांनी येशूवर अभंग रचले. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ तर आपल्या कितीतरी घरांत माणसं वर्षानुवर्षं वाचत आली आहेत, आणि ती वाचताना कोणी कोणाला माळेबद्दल विचारलं नाही.

म्हणून संपादक महाशय, एक विनंती आहे. दरवर्षी ख्रिसमसला आपल्या अंकात कॅम्पातल्या चर्चची रोषणाई आणि केकचे फोटो येतात. यंदा त्यासोबत एक पान गाण्यांना द्या. आपल्या जिल्ह्यातल्या चर्चमध्ये मराठीतून कोणती गीतं म्हणतात, त्यांत टिळकांचे अभंग अजून आहेत का, चाली कुणाच्या, पेटीवर कोण बसतं, तबला असतो की नाही, हे एखाद्या वार्ताहराला पाठवून विचारून आणा. त्याला ठेक्याची माहिती नसेल तर मी त्याच्याबरोबर जायला तयार आहे. टाळकरीबुवांनाही विचारून बघतो, येतात का.

आपला,
एक वाचक, येळ्ळूर (ता. बेळगाव)