ओव्हरहॉल केलेल्या टेलव्हीलबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा व कार्यशाळा विभाग

विषय: ओव्हरहॉल करून आलेल्या टेलव्हीलमधील दोष आणि बिलावरील चुकीची नोंद

महोदय,
स.न.वि.वि.

आपले फोनवरचे बोलणे सुरुवातीपासून मराठीतच झाले, म्हणून पत्रही मराठीत लिहितो आहे. टेक्सासमध्ये राहून विमानाच्या दुरुस्तीबद्दल मराठीत बोलायला मिळेल असे कधी वाटले नव्हते. तुमच्याकडे काम देण्यामागे तेही एक कारण होते, त्यामुळे जे झाले ते जास्त लागले.

माझे विमान सिटाब्रिया ७ईसीए, सत्तरच्या दशकातले, दोन सीट एकामागे एक. फेब्रुवारीत त्याचे टेलव्हील, म्हणजे शेपटीखालचे छोटे चाक, काढून मी तुमच्याकडे पाठवले. मार्चमध्ये ते परत आले. बिलावर लिहिले होते: संपूर्ण ओव्हरहॉल, खटका नवीन, स्टिअरिंग आर्म नवीन, वॉशर व सील नवीन. आर्म म्हणजे पेडलबरोबर फिरणारा दांडा; खटका त्याच्या खाचेत अडकून चाकाला त्याच्याशी जोडून ठेवतो, आणि तो सुटला की चाक मोकळे फिरते. माझ्या मेकॅनिकने ते बसवले आणि लॉगबुकात नोंद केली.

पहिल्याच आठवड्यात जाणवले की उतरल्यावर वेग कमी होत आला की उजवे पेडल पोकळ लागते. डावे पेडल दिले की विमान लगेच ऐकायचे. उजवे दिले की कधी ऐकायचे, कधी नाही. मी तुम्हाला फोन केला. उत्तर मिळाले, "साखळ्या सैल असतील." आम्ही रडरला (शेपटीवरच्या उभ्या, दिशा देणाऱ्या पात्याला) चाकाशी जोडणाऱ्या साखळ्या आणि त्यांच्या स्प्रिंगा बदलल्या, रडर मधोमध धरून दोन्ही बाजूंचा ताण सारखा केला. फरक पडला नाही. दुसऱ्या फोनवर तुम्ही म्हणालात, "पाटे बसले असतील." हा सल्ला चुकीचा नव्हता. चाक ज्यावर बसते त्या स्प्रिंगच्या पाट्यांची कमान उतरली की चाकाच्या उभ्या पिनचे वरचे टोक पुढे झुकते आणि चाक थडथडायला लागते. म्हणून टाकी भरून, मागच्या सीटवर माणूस बसवून ओळंबा लावला. पिनचे वरचे टोक किंचित मागेच होते, म्हणजे जसे हवे तसेच. शिवाय आमचे चाक थडथडत नव्हतेच, ते सुटत होते, आणि हे मी दोन्ही फोनवर सांगितले होते.

तिसऱ्या वेळी तुमच्या कार्यशाळेतून ईमेल आला, त्यातले एक वाक्य मी विसरू शकत नाही: "टेलव्हीलच्या विमानात बहुतेक वेळा दोष पायलटच्या पायांचा असतो."

ते वाचल्यानंतरच्या रविवारी मी मुलीला घेऊन उडालो. माझेच पाय चुकत असतील असे मीही मनात धरले होते. डावीकडून हलका वारा होता. तिन्ही चाके टेकली, स्टिक पूर्ण मागे होती, विमान सरळ धावत होते. वेग उतरला तसे नाक डावीकडे वळू लागले. उजवे पेडल शेवटपर्यंत दाबले, आणि शेपटीत काहीतरी टक्कन सुटल्याचे पायाला कळले. अशा विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. एकदा नाक फिरले की शेपूट त्याला ओलांडून पुढे जायला बघते. तेवढ्या कमी वेगात रडरला वारा उरत नाही, सगळी भिस्त त्या छोट्या चाकावर असते. उजवा ब्रेक दाबून मी विमान कसेबसे आवरले. आम्ही धावपट्टी सोडून गवतात थांबलो. डाव्या पंखाचे टोक दिव्याच्या खांबापासून हातभर अंतरावर होते. मुलगी काही बोलली नाही. तिने माझ्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने शेपूट स्टँडवर चढवली. रडर पूर्ण उजवीकडे धरले आणि चाक हाताने उलट ढकलले. थोड्याच जोरात खटका सुटला आणि चाक मोकळे फिरले. तेच रडर डावीकडे धरून केले तर दोघांनी जोर लावूनही सुटेना. या तपासणीला दहा मिनिटे लागली. तुमच्या कार्यशाळेत, चाक पेटीत भरण्याआधी, ती एकदा जरी झाली असती!

मग चाक उघडले. खटका खरोखरच नवीन होता. पण तो ज्या खाचेत अडकतो ती आर्मवरची खाच एका बाजूने झिजून गोल झालेली, घासून चकचकीत. नव्या खटक्याची धारदार कड त्या गोल कडेवरून घसरत होती. बिलात जो आर्म "नवीन" लिहिला आहे तो माझाच जुना आर्म आहे. पाठवण्याआधी मी सगळ्या भागांचे फोटो काढले होते. आर्मच्या खालच्या अंगाला छिन्नीचा एक तिरपा घाव आहे. तोच घाव आजच्या फोटोतही आहे. आत जुने, घट्ट झालेले ग्रीसही होते, नव्या ग्रीसच्या थराखाली.

अमेरिकेच्या विमान नियमांतील कलम ४३.२ तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत असेल. भाग उघडून, धुऊन, तपासून, लागेल ती दुरुस्ती करून, पुन्हा जोडून आणि चाचणी घेतल्याशिवाय त्याची "ओव्हरहॉल" अशी नोंद करता येत नाही. जुने ग्रीस तसेच असताना धुणे आणि तपासणे झाले, असे मी कसे मानू?

पैशांचा राग आहे, नाही असे नाही. पण तीन वेळा मी तुम्हाला लक्षण नेमके सांगितले: एकाच बाजूला, कमी वेगात, सुटते. पायांचा दोष असता तर तो दोन्ही बाजूंना दिसला असता. तरीही चाक परत मागवून उघडून बघू, असे एकदाही कोणी म्हणाले नाही.

माझ्या मागण्या अशा: ओव्हरहॉलची पूर्ण रक्कम आणि दोन्ही वेळचा पाठवणीचा खर्च परत करावा. न बसवलेला आर्म बिलावर कसा आला याचा लेखी खुलासा द्यावा. आणि या वर्षी ज्यांची टेलव्हीलं तुमच्याकडून गेली आहेत, त्या सर्वांना पत्र पाठवून खाच तपासायला सांगावे. या शेवटच्या मागणीत मी तडजोड करणार नाही. त्यांतले कोणी विद्यार्थी असेल, आणि त्यालाही पाय सुधारायला सांगितले जात असेल.

दोषाचा अहवाल एफएए या अमेरिकेच्या विमान नियामक संस्थेच्या फॉर्म ८०१०-४ वर आम्ही भरला आहे. पंधरा दिवसांत तुमचे लेखी उत्तर आले नाही, तर बिल आणि फोटो घेऊन मी त्यांच्या जवळच्या कार्यालयात जाईन. जुना आर्म माझ्याकडेच राहील; बघायचा असेल तर माणूस पाठवा, हँगरमध्ये दाखवतो.

आपला,
सिटाब्रियाचा मालक व पायलट

सोबत: बिलाची प्रत, आर्मचे आधीचे व नंतरचे फोटो, मेकॅनिकच्या सहीची नोंद