उपचार इंदुरात, कोर्टाची पेशी रतलामला

संपादक साहेब, नमस्कार.

ब्राउन शुगरची (म्हणजे भेसळीच्या हेरॉइनची) बातमी म्हणजे माल किती आणि पकडले किती एवढंच छापून येतं, पुढे त्या पोराचं काय होतं ते कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

आमच्या ओळखीतल्या घरचा मुलगा रतलामला पुडीसकट सापडला. माल अगदी थोडा, हेरॉइन 5 ग्रॅमपर्यंत असेल तर कायदा त्याला अल्प मात्राच धरतो. जामीन झाला, घरच्यांनी इंदुरात व्यसनमुक्तीसाठी भरती केलं आणि मग पेशी, म्हणजे कोर्टाची तारीख, आली की त्याला तिथून उठवून रतलामला न्यायचं. सुरुवातीला अंग मोडून येतं, झोप नाही, उलट्या, अशा पोराला दिवसभर कोर्टाच्या आवारात बसवायचं जिथे जुनी संगत समोरच उभी असते! हजेरीमाफी मिळते म्हणतात, मिळतेही, पण दर वेळी अर्ज, दर वेळी वकिलाची फी.

आणि सगळ्यात वाईट हे की एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचं कलम 64ए म्हणतं, अल्प मात्रेतला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याच्यावर खटला चालणार नाही, पण उपचार पूर्ण केले नाहीत तर ही सूट काढूनही घेता येते. म्हणजे पेशीपायी उपचार तुटले तर भोगायचं त्यानेच.

केस इंदूरला का आणत नाही? सेशन जज आपल्या जिल्ह्यातल्या कोर्टांमध्येच केस बदलू शकतात, दुसऱ्या जिल्ह्यात न्यायची तर बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम 447 खाली हायकोर्टात जावं लागतं. एवढ्याशा केससाठी हायकोर्टाचा वकील कोण करणार, सांगा? अमेरिकेत मायामीला 1989 मध्येच ड्रग कोर्ट, म्हणजे व्यसनींच्या उपचारावर लक्ष ठेवणारं खास कोर्ट, निघालं, आणि न्यूयॉर्क राज्यात न्यूयॉर्क शहर सोडून बाकी कौंट्यांमध्ये (तिकडचे जिल्हेच) आरोपीने मागितलं आणि सरकारी वकील हो म्हणाले तर किरकोळ गुन्ह्याची केस त्याच कौंटीतल्या ड्रग कोर्टाकडे पाठवता येते, आरोपीला वरच्या कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत.

आपल्याकडे हायकोर्टाचं खंडपीठ इंदुरातच आहे. अल्प मात्रेच्या केसेससाठी एक साधा छापील फॉर्म ठेवावा, सोबत दवाखान्याचा दाखला आणि सरकारी वकिलाचं मत, की केस उपचाराच्या गावच्या मॅजिस्ट्रेटकडे. मग तेच कोर्ट डॉक्टरांना बोलावून विचारू शकेल की पोरगं टिकतंय का, रतलामच्या कोर्टाला ते कागदावरच कळतं. आणि हा अर्ज करायला जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाने फुकट वकील द्यावा, गरीब घरच्यांना आज तिथे जाता येतं हेसुद्धा कोणी सांगत नाही.

एक वाचक, सुदामा नगर, इंदूर